काट्याआधीचा पेढा

"सामान बांधलंस का न्हाई, इंदे?"

माझा थोरला भाऊ शिवरामदादा साताऱ्याहून जीप घेऊन आला आणि पाय आत ठेवण्याआधी दारातूनच त्यानं हे विचारलं. मी तेव्हा घोडीचा पुढचा पाय थंड पाण्याच्या बादलीत धरून बसले होते. घोडीचं कागदोपत्री नाव सिल्व्हर स्पून, पण तबेल्यात तिला सगळे ठकी म्हणत. पायाला तिच्या काही झालं नव्हतं. शर्यतीच्या दिवशी सकाळी कुणी लाड केले नाहीत तर बाईसाहेब दिवसभर फुगून बसत, म्हणून ही बादली.

"अर्धं बांधलंय," मी म्हटलं.

"अर्धंच का?"

"शर्यत व्हायची आहे ना अजून."

"मग घोडामैदान जवळच आहे की," असं म्हणून दादा हसला आणि कंदी पेढ्यांचा पुडा त्यानं माझ्यापुढे धरला. नव्या घरासाठी म्हणून आणले होते. आधी देवापुढे ठेव म्हणाला.

ही गोष्ट अडुसष्ट सालची, सप्टेंबरच्या अखेरची. पुण्याच्या रेसकोर्सामागे तबेल्यांच्या रांगा होत्या, त्यातली सगळ्यात शेवटची आणि सगळ्यात लहान रांग आमची. आमचे हे, म्हणजे दत्ताजी नलावडे, लष्करात घोडदळाच्या घोड्यांवर होते. तिथून सुटल्यावर त्यांनी शर्यतीचे घोडे तयार करायचं लायसन घेतलं. माझं लग्न झालं तेव्हा तबेल्यात अकरा घोडे होते. अकरा वर्षांनी चार उरले होते आणि त्या चारांतले तीन नुसते खुराकाला हजर असत. तीन वर्षांत आमचं एकही जनावर पहिलं आलं नव्हतं. मालक एकेक करून आपले घोडे मोठ्या तबेल्यांत घेऊन गेले. राहिल्या होत्या त्या मुंबईच्या फ्रेनीबाई वाच्छा, ठकीच्या मालकीणबाई, आणि त्याही केवळ जुन्या ओळखीपोटी.

दादानं साताऱ्याच्या एका डेअरीत यांच्यासाठी नोकरी बघून ठेवली होती. गाईम्हशींची देखरेख करायची, राहायला आवारातच बंगली, मागे पेरूची दोन झाडं. मी ती बंगली एकदा बघून आले होते आणि मनातल्या मनात तिथल्या स्वयंपाकघरात फळ्यासुद्धा मारून झाल्या होत्या. खोटं कशाला बोलू, मला साताऱ्याला जायचं होतं. अकरा वर्षं मी तबेल्यालगतच्या दोन खोल्यांत काढली होती. खिडकी उघडली की समोर घोड्याचं तोंड. लग्नकार्याला जरीचं लुगडं नेसून गेले तरी शेजारची बाई हळूच नाक हुंगायची. पहाटे चारला हे घोड्यांना फिरवायला बाहेर पडत आणि आठला परत येत ते घोड्यांविषयी बोलतच. माझ्याविषयी काही बोलायचं झालं तर मला आधी लंगडावं लागलं असतं.

शेवटी आमच्यात ठरलं होतं. या मोसमातली ठकीची शेवटची शर्यत बघायची. जिंकली तर राहायचं, हरली तर साताऱ्याला जायचं. हे स्वतःच म्हणाले होते आणि हा माणूस शब्दाचा पक्का. त्या सकाळी मी देवापुढे उभी राहिले, हात जोडले, पण काय मागावं तेच ठरेना. ठकीला हरव असं म्हणायला जीभ रेटेना, आणि जिंकव म्हटलं तर पेरूची झाडं डोळ्यांपुढे येत. शेवटी पेढे ठेवले, कुंकू वाहिलं आणि तशीच बाहेर आले.

दुपारी फ्रेनीबाईंची तार आली. त्यांचा पाय मुरगळला होता, मुंबईहून येणं जमत नव्हतं. घोडी जिंकलीच तर माझ्या वतीनं इंदूनं तिला आत आणावं, असं त्यांनी कळवलं होतं. जिंकलेलं जनावर मालकानं लगाम धरून आत आणायचं, ही तिथली रीत. लोक त्या चार पावलांसाठी हजारो रुपये घालतात. तार वाचून हे माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं लुगडं नेस." मी बरं लुगडं नेसले. पेढ्यांचा पुडा देवापुढून उचलून पिशवीत टाकला, कारण दादा म्हणाला संध्याकाळी तिथूनच परस्पर जीपमध्ये बसू.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं माझी बाजू घ्यायचा मोह कुणाला व्हायला नको. शर्यतीच्या नियमांचं पुस्तक इंग्रजीत असे. आमच्या सईसांना, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्या गड्यांना, ते वाचता येत नसे म्हणून त्यातले महत्त्वाचे नियम मी मराठीत करून सामानाच्या खोलीच्या भिंतीवर चुन्यानं लिहिले होते. नवा माणूस आला की त्याला मी ते म्हणून दाखवी, आणि पाठ झाल्याशिवाय चहा देत नसे. त्यात सातवा नियम असा होता: शर्यत संपल्यापासून काट्यावर बसेपर्यंत जॉकीला कुणी हात लावायचा नाही, त्याला काही द्यायचं नाही. काटा म्हणजे वजनाचा. शर्यतीआधी जॉकीचं खोगिरासकट वजन करतात आणि शर्यतीनंतर पुन्हा तितकंच भरतं का ते बघतात. मधल्या मधे कुणी त्याच्या खिशात शिशाचा तुकडा सरकवू नये म्हणून हा नियम. तो मोडला तर जिंकलेली शर्यतसुद्धा काढून घेतात.

आमचा जॉकी रझाक. चाळिशीला टेकलेला, पुण्याच्याच भवानी पेठेतला, मोठ्या तबेल्यांनी नाकारलेला आणि म्हणूनच आमच्या वाट्याला आलेला. वजन राखायला आदल्या रात्रीपासून त्यानं नुसता काळा चहा घेतला होता. घोडीवर चढताना यांनी त्याला एकच गोष्ट सांगितली: चाबूक लावू नकोस, तिला राग येतो. रझाक म्हणाला, "साहेब, मेरी बीवी को भी आता है. मालूम आहे मला."

शर्यत चौदाशे मीटरची होती, दहा घोडे. मी दादाबरोबर कठड्याच्या बाजूला उभी राहिले. हे कुठे होते ते मला दिसलं नाही. शर्यतीच्या वेळी ते नेहमीच माणसांतून कुठेतरी बाजूला जात.

सुटताना ठकी मागे राहिली. दादा हलकेच म्हणाला, "झालं." मलाही तसंच वाटलं, आणि छातीत काहीतरी खाली बसल्यासारखं झालं. त्याला आनंद म्हणायचं ठरवलं होतं, पण तो आनंद नव्हता. वळणावर ती सहावी होती. मग रझाकनं तिला आतल्या कडेला घेतलं, जिथून कुणी जात नव्हतं कारण तिथली माती खोल होती. ठकी त्या मातीतून आली. पाचवी झाली, मग चौथी झाली. पुढचं मी सांगते ते इतरांनी मला सांगितलेलं आहे. मी म्हणे बाकावर चढले. एक चप्पल पुढच्या माणसाच्या टोपीवर पडली. काहीतरी ओरडत होते, काय ते मला आठवत नाही. ठकी एका मानेच्या अंतरानं पहिली आली.

गंगेत घोडं न्हालं. आमचा जुना सईस भिवा रडत होता आणि रडता रडता घोडीला शिव्या देत होता, कारण तीन वर्षं हे का केलं नाहीस. मी लगाम धरला. माझ्या हाताला ठकीचा फेस लागला, लुगड्याला लागला, आणि मी माझ्या नेहमीच्या ताठ्यानं नव्हे, अगदी वरातीत मिरवावं तशी तिला आत घेऊन आले. लोक टाळ्या वाजवत होते. अकरा वर्षांत मी त्या जागी पाऊल ठेवलं नव्हतं.

रझाक खाली उतरला, खोगीर सोडून हातावर घेतलं. ओठ पार सुकलेले, तोंडभर माती आणि तिच्यातून हसू. "भाभी," म्हणाला, "आणली बघा."

आमच्याकडं आनंदाची बातमी कुणी दिली की आधी त्याचं तोंड गोड करतात. आईनं मला तसंच वाढवलं, तिला तिच्या आईनं. हातातल्या पिशवीत पेढे होते. मी पुडा फोडला, एक पेढा काढला आणि रझाकच्या तोंडात घातला.

भिवाच्या हातातली बादली खाली पडली. रझाकचा जबडा अर्ध्यात थांबला, डोळे मोठे झाले. तेव्हा मला सातवा नियम आठवला, माझ्याच अक्षरात.

"गिळू नकोस," मागून यांचा आवाज आला. शांत होता. "थुंकू पण नकोस. लपवायचं काही नाही. आहे तसा काट्यावर बस."

गालात पेढा धरून रझाक काट्याच्या खुर्चीवर बसला. वजन करणाऱ्या साहेबानं काटा बघितला, रझाकचा फुगलेला गाल बघितला, पुन्हा काटा बघितला. वजन बरोबर भरलं. पण त्यानं सगळा प्रकार डोळ्यांनी पाहिला होता. तो वही मिटून उठला आणि आत गेला. जरा वेळानं समोरच्या फळ्यावर निकाल थांबवल्याची खूण चढली. मैदानभर कुजबुज सुरू झाली, आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

दादा माझ्या जवळ सरकला. त्याच्या चेहऱ्यावर कौतुक होतं.

"शाब्बास इंदे," तो माझ्या कानाशी म्हणाला. "शेवटच्या घडीला डोकं चालवलंस. मला न्हवतं वाटलं तू येवढं करशील."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. मग कळलं. माझ्या सख्ख्या भावाला वाटत होतं की मी हे मुद्दाम केलं. मग आणखी कुणाला का वाटू नये? घोडी हरली तर साताऱ्याला जायचं, हे ठरलेलं होतं. घोडी हरली नाही, तर मी तिला हरवलं. नियम लिहिणारी मीच, आणि पेढाही माझाच. मी यांच्याकडे बघितलं. ते ठकीच्या मानेवरून हात फिरवत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. शर्यत गेली तर गेली, असं मला त्या क्षणी वाटलं. या माणसाच्या मनात आता हे राहणार, आणि मी उरलेलं आयुष्य पेरूच्या झाडाखाली त्याच्यासमोर बसून काढणार, हे मला सोसलं नसतं.

रझाक, हे आणि मी, आम्हाला तिघांना आत बोलावलं. शर्यतीच्या पंचांना स्टीवर्ड म्हणतात. टेबलामागे असे तीन साहेब बसले होते. मधले कर्नल दिघे, निवृत्त, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी आधी रझाकला काहीतरी विचारलं. रझाकनं उत्तरादाखल नुसतं गालाकडे बोट केलं.

"अजून तोंडातच आहे?" कर्नलसाहेबांनी विचारलं.

रझाकनं मान हलवली.

"वजन झालंय ना. गिळ आता."

रझाकनं पेढा गिळला आणि डोळे मिटले. मोसम सुरू झाल्यापासून त्याच्या पोटात गेलेलं ते पहिलं गोड असावं.

मग माझी पाळी. कर्नलसाहेब चांगले गृहस्थ होते. त्यांनी विचारतानाच मला वाट काढून दिली. म्हणाले, "बाई, तुमचा या जागेशी रोजचा संबंध नाही. नियम ठाऊक नसेल तर तसं सांगा, म्हणजे प्रश्न मिटला."

नाही म्हटलं असतं तर संपलं होतं. एक शब्द पुरला असता. पण ठाऊक नव्हता म्हणायचं आणि यांनी ते शेजारी उभं राहून ऐकायचं? यांच्यापुढे खोटं बोलायला लागले की मग पेढाही खोटाच ठरला असता.

"ठाऊक होता," मी म्हटलं. "आमच्या तबेल्यात भिंतीवर लिहिलेला आहे. मीच लिहिलाय."

डावीकडचे साहेब पुढे झुकले. बारीक आवाजाचे, चष्मेवाले. इथंच घोडं पेंड खातंय हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. "नलावडे," ते यांना म्हणाले, "तुम्ही आज हरलात तर तबेला सोडून साताऱ्याला जाणार होता असं ऐकलं. तुमच्या मिसेसना तिकडे जायची इच्छा आहे म्हणे. खरं का?"

"खरं आहे," हे म्हणाले.

"मग आम्ही काय समजायचं?"

हे लष्करात असताना उभे राहत असतील तसे ताठ उभे होते. मी त्यांच्या बुटांकडे बघत होते. मग ते बोलायला लागले. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"साहेब, आजची शर्यत मी बघितली नाही. सुरुवातीला बघितली, मग हिच्याकडे नजर गेली आणि तिथंच राहिली. मला बघायचं होतं, घोडी मागे पडल्यावर हिला बरं वाटतंय का. वाटत असेल तर जिंकूनसुद्धा मी साताऱ्याला जाणार होतो. ही अकरा वर्षं घोड्यांना 'तुमचे घोडे' म्हणते. तुमचा घोडा शिंकला, तुमची घोडी रुसली. आज बाकावर चढून ही ओरडत होती, आपली ठकी, आपली ठकी आली. मी माझ्या कानानं ऐकलं. त्या भरात तिनं पेढा भरवला. नियम मोडला हे खरं आहे. त्याची शिक्षा म्हणून शर्यत काढून घ्यायची असेल तर घ्या, मी तक्रार करणार नाही. पण मुद्दाम केलं असं कुठं लिहू नका."

मी आजवर सासरी, माहेरी, दवाखान्यात, कुठंही लोकांसमोर रडले नव्हते. तिथं रडले, आणि पदरानं तोंड पुसताना पदराला ठकीच्या फेसाचा वास आला.

तिघं साहेब आपसात इंग्रजीत बोलले. चष्मेवाल्यांचं मत निराळं पडत असावं, कारण कर्नलसाहेबांनी एकदा टेबलावर बोट आपटलं. मग त्यांनी निकाल सांगितला. वजन बरोबर भरलं आहे, एका पेढ्यानं त्यात फरक पडत नाही, आणि पेढा पोटात गेला तो काट्यानंतर, हे आम्ही समोरच पाहिलं आहे. शर्यत कायम. ट्रेनरला लेखी ताकीद.

"आणि बाई," ते म्हणाले, "तो भिंतीवरचा नियम जरा मोठ्या अक्षरात काढा." आम्ही दाराशी पोचलो तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली. "कंदी होते का?"

मी पुडा टेबलावर ठेवला. चष्मेवाल्यांनीही एक घेतला.

फळ्यावरची खूण उतरली तेव्हा बाहेर भिवानं अशी आरोळी ठोकली की दोन रांगा पलीकडचे घोडे बुजले. रझाकला उचलून घेतलं. दादा मात्र गोंधळून उभा होता. एवढी चांगली युक्ती वाया कशी गेली ते त्याला उमगत नव्हतं. आम्ही ठकीला मधे घेऊन तबेल्याकडे चालायला लागलो. एका बाजूला हे, एका बाजूला मी, मागून दादा.

"जिंकलो," हे म्हणाले. "ठरल्याप्रमाणे राहायचं. पण तू म्हणत असशील तर अजूनही जाऊ. मी मनापासून सांगतोय."

मला वेगळंच काहीतरी खटकत होतं.

"खरंच शर्यत बघितली नाहीत तुम्ही?"

"वळणापासून पुढं नाही."

"म्हणजे ती आतल्या कडेनं आली ते बघितलंच नाहीत?"

"आतून आली?" ते जागीच थांबले. ठकीही थांबली. "त्या खोल मातीतून?"

"मग कुठून येणार. बाहेरून वाट होती का?"

"अगं, मग सांग की," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांग."

मी सांगायला लागले. सुटताना ती कशी मागे राहिली, रझाकनं लगाम कसा ढिला सोडला, पुढच्या तांबड्या घोड्यानं कसा रस्ता अडवला. माझे हात आपोआप हलत होते. भिवा आणि रझाक मागून पळत येऊन आमच्यात मिसळले. सगळं डोळ्यांनी पाहिलेलं असून तेही कान देऊन ऐकायला लागले. हे मधेच एखादा प्रश्न विचारत आणि मी उत्तर दिलं की मान हलवत, मी वीस वर्षं घोडदळात काढल्यासारखी. सांगता सांगता आम्ही शर्यतीच्या वळणाशी आलो असू, तेवढ्यात मागून दादानं घसा खाकरला.

"इंदे, मग त्या डेअरीवाल्यांस्नी मी काय सांगू?"

"दादा, मधे बोलू नकोस," मी म्हटलं. "आपली घोडी आत्ता कुठं सहाव्या नंबरवर आहे."